चालपट्टीवरचे चार सेकंद

आमचा धाकटा धैर्यशील श्रावणापासून डाव्या हातानं जेवायला लागला. हात मोडला नव्हता, बोट कापलं नव्हतं. धडधाकट उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि डाव्यानं भाकरी मोडायची, डाव्यानंच पिठल्याला लावायची. तेही घरात दार लावून नाही, माझ्या कॅन्टीनमध्ये, शंभर पोरं बघत असताना. बसायची जागासुद्धा ठरलेली. कोपऱ्यातलं टेबल, पाठ भिंतीला, तोंड दाराकडं.

तिसऱ्या दिवशी मी वाढता वाढता विचारलं, "काय रं, उजव्या हाताला सुतक लागलंय का?"

"आई, हत्याराचा हात मोकळा ठेवायचा असतो. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय."

"कुणासाठी मोकळा? समोर पिठलं हाय. ते काय उठून अंगावर येणार हाय?"

पोरं फिदीफिदी हसली. पूर्वी धैर्या सगळ्यांच्या आधी हसला असता. आता त्यानं हसणारी तोंडं एकेक करून बघून घेतली आणि परत दाराकडं नजर लावली. घरीही तेच. दीड वर्षाची लेक उजव्या कडेवर झेपावली की तिला हळूच वळवून डावीकडं घ्यायचा. पोरगी रडायची, हा ऐकायचा नाही.

वाळेगावच्या नागेश्वरी महाविद्यालयात मी एकतीस वर्षं कॅन्टीन चालवते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण सात प्राचार्य आले आणि गेले, हौसाबाई खराडे आहे तिथं आहे. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फाटलं, कोण पोरगी दोन दिवस जेवली नाही, हे मला ऑफिसाच्या आधी कळतं. पोरं मला आक्का म्हणतात आणि मी शिव्या दिल्या तरच त्यांना चहा गोड लागतो.

दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका राज्यात एक विद्यार्थी बंदूक घेऊन परीक्षेच्या हॉलमध्ये शिरला. नऊ पोरं गेली. त्यानंतर सरकारनं ठरवलं की प्रत्येक मोठ्या कॉलेजात सशस्त्र पोलिसांचं पथक बसवायचं. एक उपनिरीक्षक, सहा शिपाई, प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल. सन दोन हजार एकेचाळीसच्या जूनमध्ये आमच्या पथकाची यादी लागली आणि तीत धैर्याचं नाव निघालं. खोटं कशाला बोलू, मी सगळ्या स्टाफला जिलेबी वाटली. ज्या फाटकातून हा बी. ए.च्या पोरांबरोबर शिट्ट्या मारत आत यायचा, त्याच फाटकात गणवेशात उभा, आणि मी समोरच्या खिडकीत. कुठल्या आईची मान ताठ होणार नाही?

पण महिन्याभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कॅन्टीनमधला आवाज उतरला होता. चहा तेवढाच खपत होता, वडे तेवढेच जात होते. भांडणं मात्र बंद झाली. निवडणुकीवरून टेबलं बडवणारी, सरांची नक्कल करणारी पोरं हळू बोलायला लागली. पिस्तूल आपल्यासाठी नाही हे प्रत्येकाला माहीत होतं. तरी जवळून जाताना प्रत्येकजण पाठ सरळ करायचा.

चालपट्टीसुद्धा जूनमध्येच आली. फाटकात बारा पावलं लांब काळी रबरी पट्टी अंथरली, वर कमानीला चार कॅमेरे. ती बसवायला पुण्याहून एक पोरगी आली, गार्गी देवस्थळी. इंजिनिअर. दिवसाला सहा चहा प्यायची, म्हणून माझी तिची गट्टी जमली.

"ह्यात हाय तरी काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. मला कळत नसलेली वस्तू माझ्यासमोर पडून राहिली तर मला जेवण जात नाही.

तिनं रबराचं एक टोक उचलून दाखवलं. खाली कागदासारखा पातळ, चंदेरी पापुद्रा. "आक्का, हा दाबला की त्यातून बारीकशी वीज निघते. जास्त दाब, जास्त वीज. अशा पट्टीत बारा हजार जागा आहेत. तुम्ही पाऊल टाकलंत की टाच कधी टेकली, भार बोटांवर कधी गेला, डावा पाय किती वेळ, उजवा किती वेळ, सगळं नोंदलं जातं. वरचे कॅमेरे हात कसे हलतात ते बघतात."

"आणि त्यावरून चोर कळतो?"

"चालणं सहीसारखं असतं. प्रत्येकाचं वेगळं. दोन महिने मशीन सगळ्यांची रोजची चाल शिकणार. मग ती बदलली की त्याला कळणार. कमरेला जड वस्तू लपवली की त्या बाजूचं पाऊल आखडतं. लपवलेल्या वस्तूवर माणूस नकळत हात राखतो, म्हणून तो हात झुलत नाही. अशा हजारो चाली आम्ही त्याला दाखवल्यात."

"म्हणजे माणसाच्या मनात काय हाय ते त्याला कळतं?"

गार्गी खरं बोलणारी होती. "नाही. ही चाल हत्यार लपवलेल्या माणसाच्या चालीसारखी आहे, एवढंच ते सांगतं. पुढचं पोलिसानं ठरवायचं."

हिरवा दिवा म्हणजे जा. पिवळा म्हणजे पिशवी दाखव. लाल लागला की भोंगा वाजणार, पोलिसानं ओरडून थांबवायचं आणि पिस्तूल काढायचं. पट्टी संपते तिथून आठ पावलांवर पांढरी रेघ आखली होती. लाल माणूस चार सेकंदांत थांबला नाही आणि रेघ ओलांडली, तर कमरेखाली गोळी. असा लेखी नियम. ऐकून मी गार्गीला सातवा चहा दिलाच नाही.

तरी मला त्या पट्टीचं भारी कुतूहल. दुपारी गर्दी ओसरली की मी मुद्दाम तिच्यावरून चालून बघायची. साधी चालले, हिरवा. डोक्यावर तेलाचा डबा घेऊन चालले, हिरवा. कमरेवर पाण्याची कळशी घेतली, पिवळा, आणि दुसऱ्या खेपेला हिरवा, कारण तोवर त्यानं कळशी शिकून घेतली होती. मग एकदा लोखंडी झारा लुगड्याच्या ओच्यात खोचला, वर पदर घेतला आणि तोंड भोळं करून निघाले. भोंगा असा वाजला की झाडावरचे कावळे उडाले.

"हुशार हाय तुझं लेकरू," मी गार्गीला म्हटलं. ती पोट धरून हसत होती. धैर्या मात्र जागचा हलला नाही. त्यानं अर्धं पिस्तूल बाहेर काढलं होतं. स्वतःच्या आईवर.

"आई, परत असला खेळ करू नको," तो एवढंच म्हणाला. त्यानं पिस्तूल परत कमरेला खोचलं.

आषाढात पथकाला महिनाभराच्या ट्रेनिंगला नेलं होतं. तिथून आल्यावरच ते डाव्या हाताचं सुरू झालं. भाद्रपदात एका रविवारी तो रजेवर होता. पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा. साधा शर्ट, पायात चपला, हातात सुनेनं माझ्यासाठी दिलेला डबा. पट्टीवरून आला आणि लाल दिवा लागला.

ड्युटीवरचा शिपाई हसला, "घरचाच हाय, सोडा." गार्गी हसली नाही. ती त्या दिवशी दुरुस्तीला आली होती. मी तिच्या मागं लागले तेव्हा तिनं संगणकावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

"पोलीस ड्युटीवर असतात तेव्हा मशीन त्यांच्याकडं काणाडोळा करतं, तशी यादीच आहे. आज ते साधे नागरिक म्हणून आले. ही बघा त्यांची जूनमधली चाल. आणि ही आजची."

चित्रात माणूस नव्हता, नुसत्या रेघा होत्या. तरी जूनमधल्या रेघांत मी माझा पोरगा ओळखला. दोन्ही हात कसे ऐटीत पुढंमागं, उजवा जरा जास्तच, लहानपणी वाटेत दिसेल ते झुडूप चापटत जायचा तसा. आजच्या चित्रात डावा हात झुलत होता आणि उजवा कमरेपाशी खिळला होता. कमरेला काहीच नव्हतं. हातात डबा होता तोही डाव्या.

"पिस्तूल काढून ठेवलं तरी चाल तशीच राहिली?" मी विचारलं.

"हो. रोज शंभर वेळा हात तिथं नेला की शरीर ते धरून ठेवतं. परत येईल पहिल्यासारखी, पण वेळ लागतो."

त्या रात्री मी धैर्याचं ताट वाढलं आणि भाकरी डावीकडं ठेवली.

मग नवरात्र आलं, आणि एवढ्या हुशार मशीनची पार दैना झाली.

आमच्या भागात नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी चालायची रीत आहे. म्हातारीकोतारी राहू दे, आमची कॉलेजची पोरंच जास्त. जीन पँट, अंगात झकास टी-शर्ट, आणि खाली उघडे पाय. कुणी परीक्षेसाठी, कुणी आईच्या दुखण्यासाठी, कुणी मित्र चालतो म्हणून. घटस्थापनेच्या सकाळी निम्मं कॉलेज अनवाणी फाटकात आलं. पुण्याच्या मशीननं जून-जुलैत शिकली ती बुटांची चाल. उघडा पाय खडीवर पडला की माणूस टाच टेकत नाही, पाऊल आखडतं, अंग सावरायला हात आवळून धरतो. मशीनच्या लेखी दीडशे पोरं एका तासात हत्यार लपवून आली.

भोंगा थांबेना. उपनिरीक्षक तांबवेकर लालबुंद झाले. "सगळ्यांनी चपला घाला!"

"साहेब, नवस हाय."

"मग पट्टीपुरत्या घाला!"

यावर पोरांची सभाच भरली. बारा पावलांनी नवस मोडतो की नाही? एकजण म्हणाला देवी समजून घेईल, दुसरा म्हणाला तू घाल मग, नापास झालास तर देवीला सांग. एका पैलवान गड्यानं डोकं लढवलं आणि तो हातांवर चालत पट्टी पार करून गेला. मशीननं त्याला कुठलाच रंग दिला नाही. मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

दुपारपर्यंत तोडगा निघाला. अनवाणी पोरांनी मागच्या लहान दारानं यायचं, तिथं हातानं पिशव्या तपासायच्या. मशीनला अनवाणी चाल शिकवायला दोन आठवडे लागणार होते, म्हणजे दसरा झाल्यावर. तोवर मोठ्या फाटकात लाल दिवा लागला तर तो खराच धरायचा, असा तांबवेकर साहेबांचा हुकूम.

ललिता पंचमीला सकाळचे दहा वाजून गेले होते. मी खिडकीत साबुदाण्याचे वडे तळत होते. मागच्या दारात पन्नास पोरांची रांग. आणि मोठ्या फाटकातून केतकी ऐनापुरे येताना दिसली. दुसऱ्या वर्षाची, वनस्पतिशास्त्राची, फाटकाबाहेरच्या वसतिगृहात राहणारी. दहाचं प्रात्यक्षिक चुकू नये म्हणून तिनं रांग टाळली होती. पाय उघडे. डावा पाय लंगडत होता. अंगावरून ओढणी घट्ट घेतलेली, आणि ओढणीखाली उजवा हात पोटाशी काहीतरी धरून. कानात इअरफोनची बोंडं, मान खाली, ओठ पुटपुटत.

पट्टी लाल झाली. भोंगा वाजला.

"थांबा! हात वर!" धैर्या ओरडला.

ती चालतच राहिली. ती कानात प्रश्नोत्तरं ऐकत होती आणि पाऊल कुठं टाकायचं ते खाली बघत होती. धैर्यानं पिस्तूल काढलं, उजवा पाय पुढं टाकला, दोन्ही हातांनी नेम धरला. गावाच्या पार टोकाला असलेल्या सावंतांच्या पिठाच्या गिरणीलासुद्धा ऐकू जाईल असा माझा आवाज. पण त्या चार सेकंदांत माझ्या घशातून हूं की चूं निघालं नाही. ते मला आजही लागतं.

केतकीनं पांढरी रेघ ओलांडली.

गोळी सुटली नाही. धैर्यानं पिस्तूल खाली केलं आणि चार ढांगांत तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. तिनं मान वर केली, पिस्तूल बघितलं, किंचाळली आणि ओढणीखालची वस्तू सुटली. काचेची बरणी होती. त्याच्या बुटावर फुटली. काळी माती, आणि मातीत बोटभर पिवळे कोंब.

मी तिला कॅन्टीनमध्ये आणून बसवलं. टाचेत बाभळीचा काटा अर्धा आत होता. पिनेनं काढला. पोरगी रडत होती ती भलत्याच गोष्टीसाठी. "आक्का, उजेड लागला त्यांना. आता हिरवे पडतील."

तेव्हा मला उलगडा झाला. घटाचे कोंब अंधारात वाढतात म्हणून पिवळे असतात. उजेडातले हिरवे आणि अंधारातले पिवळे शेजारी ठेवून काहीतरी मोजायचा तिचा प्रयोग. खोलीपासून प्रयोगशाळेपर्यंत ऊन लागू नये म्हणून तिनं बरणी ओढणीखाली लपवली होती. उघडा पाय, आत काटा, पोटाशी लपवलेला हात. मशीननं बघितलं त्यात काही चुकीचं नव्हतं. चालच तशी होती.

संध्याकाळी धैर्याला नोटीस मिळाली. लाल इशारा असताना, व्यक्तीनं रेघ ओलांडली असताना, कारवाई का केली नाही? आठ दिवसांत चौकशी. मी साक्षीदार, कारण खिडकी माझी.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसला. "आई, चौकशीत तुला विचारतील. तू सांग की मी घोडा दाबला होता, पण अडकला. आमच्या पथकातल्या दोन पिस्तुलांचे घोडे गेल्या महिन्यात अडकलेत, कागद आहेत. कुणी शंका घेणार नाही."

"दाबला होतास का?"

तो दाराकडं बघायला लागला.

"धैर्या, दाबला होतास का?"

"मी हुकूम मोडला असं निघालं तर बडतर्फ करतील. परत कुठं घेणार नाहीत. आणि सगळ्या दलात म्हणतील, खराडे ऐन वेळी गारठला. बोट गोठलं त्याचं. पिस्तूल अडकलं म्हटलं की कुणाचंच काही जात नाही."

मी उठून चुलीकडं गेले. आईचा जीव आहे. एक वाक्य बोलायचं, पोराची नोकरी राहते. त्या रात्रीच नव्हे, पुढचे चार दिवस मी ते वाक्य मनात घोळवलं. बोलून टाकणारच होते.

पाचव्या दिवशी गार्गी आली. चेहरा उतरलेला. "आक्का, तुमच्या मुलाचं पिस्तूल अडकलं असं सिद्ध झालं तर कंपनीचा नवा प्रस्ताव मंजूर होणार आहे. माणूस आणि हत्यार दोन्ही ऐन वेळी दगा देतात, म्हणून पट्टीलाच विजेचा झटका जोडायचा. लाल झाली की माणूस जागीच पडेल. पोलीस लांबून नुसता बघेल."

"त्या पोरीला बसला असता झटका?"

"पहिल्याच सेकंदाला."

"आणि कुणाचं काळीज नाजूक असलं तर?"

तिनं कप खाली ठेवला.

मग मी विचारलं, ते बहुतेक कुणी विचारलं नव्हतं. "तुझी पट्टी पोलिसांच्या पायाखाली पण हाय ना? तो उभा असतो तिथं?"

होती. ड्युटीवरचा माणूस डुलकी काढत नाही ना, हे साहेबांना कळावं म्हणून. ती नोंद कुणी मागितली नाही तर पुसली जाते. गार्गीनं आधी नाही म्हणून मान हलवली, मग दार ओढून घेतलं आणि संगणक उघडला.

दोन पावलांचे ठसे. जिथं भार जास्त तिथं तांबडं, कमी तिथं निळं. "पहिला सेकंद. उजवा पाय पुढं, भार बोटांवर. गोळी झाडणारा माणूस असाच पुढं झुकतो, धक्का सोसायला. दुसरा सेकंद, तसंच. आता बघा." तिसऱ्या सेकंदाला तांबडा रंग बोटांवरून सरकत टाचेवर आला. "त्यांनी भार मागं घेतला. घोडा दाबताना असं होत नाही, आक्का. त्यांनी दाबलाच नाही."

"आणि हे काय?" मी बोट ठेवलं. चौथ्या सेकंदाला डाव्या पायाची टाच पार निळी पडली होती.

"तेच मला कळत नाहीये. त्यांनी डावी टाच उचलली. पवित्र्यात असं काही नसतं. मशीननं पुढं 'अज्ञात' लिहिलंय."

मी हसले. डोळ्यांत पाणी आलं तरी हसले. एवढं शिकलेलं मशीन, एवढी शिकलेली पोरगी. "अगं, त्या पोरीच्या डाव्या टाचेत काटा होता. ती पाऊल टाकत होती ते हा बघत होता. दुसऱ्याच्या पायात काटा मोडलेला बघितला की आपला पाय उचलतो. तुझा न्हाई उचलत?"

गार्गीनं हळूच स्वतःचा उचललेला डावा पाय बघितला.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. जिल्ह्याहून आलेले मोठे पोलीस साहेब, तांबवेकर, प्राचार्य, आणि कंपनीचा एक कोटवाला. गार्गी कोपऱ्यात. धैर्या ताठ उभा. त्यानं सांगितलं, "साहेब, घोडा दाबला. अडकला." पाठ केल्यासारखं, नजर भिंतीवर.

कोटवाल्यानं लगेच काहीतरी लिहून घेतलं.

"हौसाबाई, तुम्ही खिडकीतून काय बघितलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं. बोलणं मऊ होतं. माझ्या तोंडून त्यांना सोयीचं उत्तर हवं होतं हे मला दिसत होतं. तांबवेकरांनाही तेच हवं होतं. पथकाची अब्रू राहते, कंपनीचं काम होतं, माझ्या पोराची नोकरी राहते. त्या खोलीत ते खोटं कुणालाच नको नव्हतं.

"साहेब, मी तुमाला न्हाई सांगणार. ह्याला सांगणार हाय. तुमी ऐका."

"आई," धैर्या दबक्या आवाजात म्हणाला, "आई, नको."

"गप. चार दिवस तुझं ऐकलं." मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझी उंची त्याच्या छातीपर्यंत. "मशीननं तिची चाल बघितली आणि लाल म्हणालं. तू पण तीच चाल बघितलीस. तुला काटा दिसला. तिसऱ्या सेकंदाला तू मागं आलास, त्याची नोंद हाय, ह्या पोरीकडं हाय, साहेबांनी मागावी."

कोटवाल्याचं पेन थांबलं. गार्गी उभी राहिली आणि म्हणाली, "आहे. मी देते."

"तू आईला पण सांगायला लावत हुतास की पिस्तूल अडकलं," मी म्हटलं. "का, तर दल हसंल."

"आई, बडतर्फी लागंल गं." कितीतरी महिन्यांनी तो माझ्याकडं बघून बोलत होता, दाराकडं नाही.

"लागू दे. पिस्तूल अडकलं न्हाई, धैर्या, तू थांबलास. साहेबांना तुझ्या तोंडानं तसं सांग. नोकरी गेली तर माझ्या कॅन्टीनला माणूस लागतोच हाय. पण पोरीचा जीव वाचवला म्हणून सांगायची ज्याला लाज वाटती, असला गडी मला भजी तळायलासुदीक नको."